पट्टी केशरी आहे

हेमांगी डहाके बरी झाली, हे नागपुरात सगळ्यांना माहीत होतं. चौकाचौकातल्या पडद्यांवर तिचा हसरा चेहरा झळकायचा. उजवा दंड पुढे केलेला, दंडावर केशरी पट्टी, आणि खाली मोठी अक्षरं: 'माझ्या शंका संपल्या.'

हे खोटं आहे हे फक्त हेमांगीला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

हेमांगी एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट होती. वयाची चाळिशी नुकतीच उलटलेली, बोलायला मोकळी, कामात तरबेज. समोरचा माणूस चिठ्ठी देऊन पाण्याचा घोट घेईपर्यंत तिच्या हातात औषधं तयार असत. पण काम संपवून ती घरी आली की मनात एक किडा वळवळायला लागायचा. सकाळच्या त्या आजोबांना रक्त पातळ करायची गोळी दिली, ती बरोबर ताकदीची होती ना? त्या बाळाच्या आईला बाटली कोणती दिली? डोळ्यांपुढे ते बाळ निपचित पडलेलं दिसायचं. मग नवऱ्याला, निरंजनला, गाडी काढायला लावून ती पुन्हा रुग्णालयात जायची. कचऱ्याच्या डब्यातली रिकामी वेष्टनं काढून एकेक चिठ्ठीशी ताडून बघायची. सगळं बरोबर असायचं. परतीच्या वाटेवर नवी शंका यायची: आपण नीट बघितलं का?

"तुला माहीत आहे नं, तू बरोबरच दिलं?" निरंजन विचारायचा.

"माहीत आहे. पण पटत नाही."

डॉक्टर या आजाराला ओसीडी म्हणत. आपल्याकडे त्याला मंत्रचळ म्हणतात. निरंजन वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात कामाला होता, दिवसभर शेकडो दिव्यांवर डोळा ठेवून दमायचा. तरी त्याने कधी गाडी काढायला नाही म्हटलं नाही. आजार आहे म्हटल्यावर माणूस काय करणार, असं तो शेजाऱ्यांना सांगायचा. मुलगी मैत्रेयी दहावीला होती. मैत्रिणी घरी येतो म्हणाल्या की ती म्हणायची, आईची ड्यूटी आहे.

तेव्हा नागपुरात ऊनबंदी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. होळीपासून पावसाळ्यापर्यंत सकाळी भोंगा वाजला की रस्ते ओस पडत. बाहेर दिसेल त्याला गस्तीची गाडी उचलून घरी सोडायची. संध्याकाळी दुसरा भोंगा वाजेपर्यंत सारं शहर काचेआड बसून राहायचं. भाजी, बँक, शाळा, सगळं पहाटे नाहीतर दिवेलागणीला.

रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आश्लेषा कोलते दर गुरुवारी ओसीडीच्या रुग्णांचा एक गट घेत. शंका आली तरी तपासायचं नाही, धुवायचं नाही, ती अस्वस्थता सोसत बसून राहायचं, याचा तिथे सराव चाले. अवघड होतं, आणि फार हळू चालत होतं, पण थोडा गुण येत होता. तिथे हेमांगीची मैत्री झाली कुमुदताई गणोरकरांशी. त्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना सतत वाटे की आपल्या हातांना काहीतरी लागलंय, आणि ते आपण शिवू त्याला बाधणार. हात धुऊन धुऊन त्यांची बोटं सोललेली असत. धुवायची उबळ आली की हेमांगी त्यांची मनगटं हातात धरून बसायची आणि त्या डोळे मिटून एखादी बंदिश गुणगुणायच्या.

एका गुरुवारी डॉ. कोलतेंनी गटापुढे एक पातळ पट्टी ठेवली, दंडावर चिकटवायची.

"आपल्या गावात ऊन रग्गड आहे, पण ते आपल्याला मिळत नाही," त्या म्हणाल्या. "त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य चांगला वर आला की मगच जमिनीपर्यंत पोचतात. तुमची सावली तुमच्याहून लांब असेल, तर समजा ते किरण हवेतच अडले. आपण बाहेर पडतो ते सावल्या लांब असताना. उरलेला दिवस खिडकीआड, आणि काचही ते किरण आत येऊ देत नाही. पावसाळ्यात ढग, आणि हिवाळ्यातही दुपारी बाहेर पडायची सवय आता मोडली आहे. म्हणून या भट्टीत राहूनही सगळं गाव ड जीवनसत्त्वाला महाग झालंय."

"पण त्याचा आमच्या डोक्याशी काय संबंध?" कुणीतरी विचारलं.

"ड जीवनसत्त्व नुसतं हाडांच्या कामाचं नाही. ते संप्रेरकासारखं वागतं, पेशीच्या आत जाऊन काही जनुकं चालू-बंद करतं. मेंदूत निरोप पोचवणारं सेरोटोनिन नावाचं रसायन तयार करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे, त्याच्या जनुकालाही ते जागं करत असावं. आता बघा, कुलूप लावल्यावर 'झालं, चला पुढे' असा एक निरोप मेंदूच्या आतून पुढच्या भागात यावा लागतो. तुमच्यात तो निरोप अडखळतो. डोळ्यांना कुलूप दिसतं, पण 'झालं' असं वाटत नाही. सेरोटोनिन वाढलं तर तो निरोप पोचेल, अशी आशा आहे. ओसीडीच्या पुष्कळ रुग्णांत ड जीवनसत्त्व कमी सापडतं, हे तर जुनंच निरीक्षण आहे."

कुमुदताईंनी हात वर केला. "म्हणजे मॅडम, आम्ही उन्हात गेलो नाही म्हणून असे झालो, की असे होतो म्हणून घरातच बसलो?"

डॉ. कोलते हसल्या. "हाच तर प्रश्न आहे, कुमुदताई. त्याचं उत्तर अजून माझ्याजवळ नाही."

पट्टीच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया होत्या. त्या रक्तातलं ड जीवनसत्त्व मोजत आणि लागेल तेवढं थेंबाथेंबाने सोडत. ते मेंदूपर्यंत नेणारा एक नवा वाहक रेणू त्यासोबत जोडलेला होता. पट्टी आधी राखाडी दिसे. पातळी भरली की केशरी होई.

चाचण्यांत निम्म्याहून कमी रुग्णांना गुण आला. पण ज्यांना आला त्यांना असा आला, की वर्षानुवर्षं दाराच्या कड्या तपासणारी माणसं दार ओढून घेऊन सरळ चालू लागली. त्यांच्या घरचे डॉक्टरांच्या पाया पडले. बाकीच्यांची पट्टी केशरी झाली, माणूस होता तसाच राहिला. डॉ. कोलतेंनी अहवालात हे स्वच्छ लिहिलं होतं. पण अहवाल सरकारात वरपर्यंत जाता जाता 'निम्म्याहून कमी' हे शब्द वाटेत कुठेतरी गळून पडले. पट्टी सगळ्यांना फुकट मिळू लागली. पट्टी केशरी, म्हणजे माणूस ठणठणीत, असा नियम झाला. केशरी झालेल्यांची बाकीची औषधं थांबली. गुरुवारचा गटही, आता गरज नाही म्हणून, बंद झाला.

हेमांगीची पट्टी केशरी झाली त्या संध्याकाळी निरंजन संत्रा बर्फी घेऊन आला. मैत्रेयी आईच्या गळ्यात पडली.

"सुटलो!" निरंजन खुर्चीत अंग टाकत म्हणाला. "सुटलो बाप्पा एकदाचे."

जेवणं झाली आणि हेमांगीच्या मनात तो किडा वळवळला, नेहमीसारखाच. दुपारच्या त्या बाईंना मधुमेहाची गोळी दिली ती...

"निरंजन, जरा गाडी काढता?"

त्याचा चेहरा पडला. पण या वेळी तो उठला नाही.

"हेमा, पट्टी केशरी आहे. आता हा आजार नाही, सवय आहे. सवय मोडायची असते."

मैत्रेयी बर्फीचा तुकडा हातात धरून आईकडे बघत होती. हेमांगी म्हणाली, "खरंच की. सवयच ती."

आतापर्यंत ती आजारी होती, म्हणून घर तिला सांभाळून घेत होतं. आता आजाराचं नावच पुसलं गेलं होतं, आणि जे उरलं त्याला घरात जागा नव्हती. ती लपवायला शिकली. काउंटरवर प्रत्येक चिठ्ठीचा आणि औषधाचा गुपचूप फोटो काढायची, घरी आल्यावर बाथरूममध्ये पंखा लावून ते फोटो मोठे करकरून बघत बसायची. बाहेर येताना तोंडावर पाणी मारून हसायची. डॉ. कोलतेंनी तपासणीला बोलावून विचारलं, "शंका किती येतात आता?" तर म्हणाली, "येतच नाहीत." डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी उठून तिचे हात हातात घेतले. रुग्णालयाने तिला विभागप्रमुख केलं. मग प्रचाराचे लोक आले, कार्यक्रम ठरला, आणि भरल्या सभागृहात माईकपुढे उभी राहून तिने सांगितलं, की माझ्या शंका संपल्या. पहिल्या रांगेत मैत्रेयी बसली होती, सोबत मैत्रिणींना घेऊन. तिच्याकडे बघत बघत हेमांगी सगळं बोलून गेली.

वैशाखातल्या एका दुपारी कुमुदताईंचा फोन आला. ऊनबंदी होती, तिघंही घरात होती. निरंजन शेजारीच बसून बातम्या बघत होता.

"हेमा, तुझा फोटो आमच्या फाटकासमोरच लागलाय गं. प्रज्वल रोज दाखवतो मला." प्रज्वल त्यांचा मुलगा.

"कशा आहात तुम्ही?"

"पट्टी केशरी आहे. हात तसेच आहेत. प्रज्वलने बेसिनच्या नळाला कुलूप लावलंय. आंघोळीपुरतं पाणी सोडतो, मग बंद. वाईट नाही गं तो. त्याला वाटतं, असंच सुटेल. म्हणतो, आई, त्या हेमांगीताई बऱ्या झाल्या, मग तुझंच काय अडलं? तूच हट्ट करून राहिली."

हेमांगीने फोन कानाशी दाबून धरला.

"मला एकच सांग. तुझं खरंच गेलं का? नसेल गेलं तरी मी कुणाला नाव सांगणार नाही. फक्त प्रज्वलला एवढं म्हणीन, की माझ्यासारखी आणखी एक आहे."

निरंजनने बातम्यांचा आवाज कमी केला होता. मैत्रेयीने पुस्तकातून मान वर काढली होती.

"गेलं, कुमुदताई," हेमांगी म्हणाली. "खरंच गेलं."

"असं होय. म्हणजे मग माझ्यातच खोट आहे. बरं झालं विचारलं. सुखी राहा."

त्याच आठवड्यात, भर ऊनबंदीत, प्रज्वलचा डोळा लागलेला असताना कुमुदताई घराबाहेर पडल्या. रस्त्यापलीकडच्या बागेत झाडांना पाणी द्यायचा एक नळ होता. त्याच्या उन्हात उघड्यावर पडलेल्या लोखंडी पाइपातलं पाणी उकळत्या आधणासारखं झालं होतं. गस्तीची गाडी आली तेव्हा त्या नळापाशी आडव्या पडल्या होत्या आणि वाहत्या पाण्याखाली त्यांचे दोन्ही हात भाजून निघाले होते.

त्यांना हेमांगीच्याच रुग्णालयात आणलं. तातडीच्या औषधांची मागणी तिच्या पडद्यावर आली आणि वर नाव दिसलं: कुमुद गणोरकर. हेमांगी औषधं घेऊन स्वतः वर धावली. ती पोचली तेव्हा संपलं होतं. कोपरापर्यंत हात ओल्या गॉझमध्ये गुंडाळलेले, आणि दंडावरची पट्टी केशरी.

तरुण डॉक्टर नर्सला नोंद सांगत होता. "उष्माघात. अपघाती मृत्यू."

"मानसिक आजार होता का, असं फॉर्मात विचारलंय," नर्स म्हणाली.

त्याने दंडाकडे एक नजर टाकली. "नाही. पट्टी केशरी आहे."

घरी येऊन हेमांगीने निरंजनला सगळं सांगितलं. काउंटरवरचे फोटो, बाथरूम, कुमुदताईंना दिलेलं उत्तर. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"इतका वेळ बाथरूमचा पंखा कोण चालवतं, हेमा? एकदा फोन विसरली होतीस आत. बघितले मी फोटो."

"मग बोलला का नाहीत?"

"थकलो होतो. तू लपवत होतीस, तेव्हा या घरात पहिल्यांदा शांतता होती. मला ती हवी होती. अजूनही हवी आहे. ती बाई गेली, आता बोलून परत येणार आहे का? मैत्रेयीचा तरी विचार कर."

तिने विचार केला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती डॉ. कोलतेंच्या खोलीत गेली.

"केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्यापासून. मला काहीच फरक पडला नव्हता."

डॉ. कोलतेंनी समोरची फाइल मिटून बाजूला ठेवली. "तुमच्यावर सगळ्यांत आधी विश्वास मी ठेवला," त्या म्हणाल्या. "कारण मला तो ठेवायचा होता. आता भीती वाटते, आणखी कितीजण आपापल्या घरात असेच हसत असतील. मी वर कळवते. पण ते काय उत्तर देतील तेही सांगून ठेवते. म्हणतील, शंका येणं हाच या बाईंचा आजार, त्यामुळे आपण बरं झाल्याचीही त्यांना शंका येते आहे."

तेच उत्तर आलं, जवळजवळ याच शब्दांत. हेमांगीचा चेहरा पडद्यांवरून उतरला आणि तिथे दुसऱ्या कुणाचा तरी लागला. तो माणूस कदाचित खरोखर बरा झालेला असेल. रुग्णालयाने तिला औषध विभागातून काढलं. आजारी म्हणून नाही, कारण पट्टी केशरी होती. खोटं बोलली म्हणून. मैत्रेयीने तिच्याशी बोलणं सोडलं नाही, पण आई हसली की ती आता तिच्या तोंडाकडे निरखून बघायची, खरं आहे का ते. निरंजन वेळेवर घरी यायचा, वेळेवर जेवायचा आणि लवकर झोपायचा.

एक काम उरलं होतं. ते हेमांगी पुढे ढकलत आली होती. एका सकाळी, भोंग्याला अजून अवकाश असताना, ती प्रज्वल गणोरकरच्या दारात उभी राहिली.

तिशी ओलांडलेला, दाढी वाढलेला तो माणूस तिचा चेहरा ओळखून बाजूला झाला. कोपऱ्यात गवसणी घातलेला तानपुरा भिंतीला टेकून उभा होता. त्याने पाणी आणून दिलं.

"प्रज्वल, मी बरी झालेली नाही," ती म्हणाली. "कधीच झाले नव्हते. पट्टीचा मला उपयोग झाला नाही. तुमच्या आईलाही झाला नव्हता."

"ताई, तुमची पट्टी मला दिसून राहिली आहे," तो शांतपणे म्हणाला. "केशरी आहे."

"त्यांचीही होती."

"आई हट्टी होती. बाबा गेल्यापासून जास्तच हट्टी झाली होती."

"हट्टी नव्हत्या. आजारी होत्या."

तो ताडकन उठला. "मग त्या पडद्यावर कोण होतं? रोज मी तुमच्याकडे बोट दाखवून तिला सांगायचो! रोज!"

"मीच होते. खोटं बोलत होते." हेमांगीने ग्लास खाली ठेवला. "त्यांनी मला फोन केला होता, त्या आठवड्यात. तुझं खरंच गेलं का, असं विचारलं. नसेल गेलं तर प्रज्वलला सांगीन म्हणाल्या, की माझ्यासारखी आणखी एक आहे."

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"गेलं म्हणाले."

प्रज्वल खाली बसला, खुर्चीवर नाही, तिथेच फरशीवर, भिंतीला पाठ लावून.

"ताई, एकदाच म्हणा, की तुम्ही बऱ्या आहात," तो म्हणाला. "आत्ता जे बोललात ते शंकेच्या भरात बोललात, एवढंच म्हणा. मी पुन्हा कधी विचारणार नाही. कुणाला सांगणार नाही."

किती सोपं होतं ते! सभागृहात म्हटलं होतं, डॉक्टरांपुढे म्हटलं होतं, याच्या आईलाही म्हटलं होतं. हेमांगीच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं, सरावाने गुळगुळीत झालेलं.

"नाही, प्रज्वल," ती म्हणाली. "मी बरी नाही."

बाहेर भोंगा वाजला. रस्त्यावरून एक-दोन गाड्या घाईघाईने गेल्या आणि सगळं शांत झालं.

"म्हणजे आईला मी मारलं," तो म्हणाला.

ती उठून त्याच्याजवळ फरशीवर बसली. त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलावंसं तिला फार वाटलं.

"एकट्याने नाही," ती म्हणाली. "आपण दोघांनी."

खिडकीबाहेर ऊन चढत होतं. संध्याकाळपर्यंत दोघांनाही त्या घरातून कुठे जाता येणार नव्हतं.